ताट कुणाकडे गेलं

नगर,
१६ डिसेंबर

चि. सोनीस,


तू विचारलंस एवढंच, की करंजीच्या सारणाला खोबरं किती नि साखर किती. आणि खाली जाता जाता लिहिलंस, ‘यंदा घरापुरत्याच करणार, ताटं वाटणार नाही.’ प्रमाण सांगायला मला अर्धं मिनिट लागलं असतं, पण त्या खालच्या ओळीने दोन रात्री झोप नाही. फोनवरच्या बोटभर चौकोनात माझं काही मावत नाही, म्हणून कागद घेतला. चष्म्याची काडी तुटली आहे, अक्षर लावून घे.

समोरच्या बाईंनी गेल्या नाताळात तुझं ताट तुझ्यादेखत वॉचमनच्या हातात दिलं, हे तू वर्षभर पोटात ठेवलंस? मला एका शब्दाने नाही? अगदी बापावर गेली आहेस. मनाला लागलं की तोही असंच तोंड शिवून घ्यायचा.

त्या बाईंना साखर वर्ज्य असेल. नसेलही. मी उगाच पांघरूण घालत नाही. माझ्या आजीच्या हातचं पाणी तिच्या गावात कुणी घेत नसे. नगरला अमेरिकन मिशन आलं १८३१ मध्ये. शाळा निघाल्या, देवळं उभी राहिली, पण पाणवठ्यावरचं गणित काही लगेच सुटलं नाही. तुला लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ दिलं होतं (अजून परत आलेलं नाही, असो). त्यांच्या यजमानांनी, टिळकांनी, १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई पुढे त्यांच्याकडे आल्या, तरी त्यांचं सोवळं लगोलग सुटलं नाही. एवढं जीव लावणारं माणूस, पण पाण्याच्या घोटाशी अडलं! आणि सुटलं तेव्हा असं सुटलं, की घर कुणाकुणाच्या मुलांनी भरून गेलं.

आजी नाताळचं पहिलं ताट घेऊन शेजारच्या वाड्यात गेली तो दिवस आई नेहमी सांगायची. त्या घरच्या म्हाताऱ्या बाईंनी ताट हातातून हातात घेतलं, खाली ठेवायला लावलं नाही. आजी घरी आली आणि भिंतीला टेकून नुसती बसून राहिली. चुलीवरची भाकरी करपली तरी उठली नाही. पुढच्या दिवाळीला तेच ताट चिवडा नि लाडू घेऊन परत आलं. सोने, आपल्या घरी करंज्या वाटतात त्या ह्यासाठी. कौतुकासाठी नव्हे.

पाळकसाहेब उपकारस्तुतीची प्रार्थना करतात आणि आपण आमेन म्हणून मोकळे होतो. माझ्या मते ती अर्धीच झाली. उरलेली पायांनी करायची असते, ताट धरून, जिने चढून. कापणीच्या सणाला तुझे आजोबा देवळात भोपळा वाहायचे आणि लिलावात तोच भोपळा दुप्पट बोली लावून घरी आणायचे. तुझी आजी डोक्याला हात लावायची. ते म्हणायचे, देवाचं देणं भोपळ्याच्या भावाने फिटतंय होय! मला तेव्हा कळलं नव्हतं. आता भोपळा चिरताना दर वेळी आठवतं.

आणि वॉचमनकडे ताट गेलं म्हणून तू रडलीस? लूकचं शुभवर्तमान काढून बघ. बेथलेहेमात एवढी गर्दी होती, नावनिशीसाठी गावोगावचे लोक आलेले. त्यांना सोडून बातमी पहिल्यांदा कळली ती रानात रात्रभर कळप राखणाऱ्यांना. म्हणजे रात्रपाळीवाल्यांनाच की! तुझं ताट बरोबर दारात पोचलं होतं, फक्त पत्ता तू चुकीचा घातला होतास. यंदा पहिलं ताट त्याचंच भर, स्वतःच्या हाताने दे, आणि त्याला घरचं कोणकोण आहे ते विचार. समोरच्या बाईंचंही भर. घेतील, न घेतील.

मनात आनंदच नाही तर सण कसला, असं म्हणतेस. पौलाने फिलिप्पैकरांना पत्र लिहिलं ते बंदिवासात बसून, आणि त्यात आनंदाचा शब्द जागोजागी येतो. पण हे तुला ठाऊक आहे, रविवारच्या शाळेत तूच आम्हाला पाठ म्हणून दाखवायचीस. मग असं का लिहिलंस? एका ताटाने कुणी इतकं मिटत नाही. गेल्या महिन्यात फोनवरही तुझा आवाज खोल गेलेला वाटला. जेवतेस ना वेळेवर? खिडकीत चांदणी लावलीस का? दुसरं काही आहे का, जे तू करंज्यांच्या आडून सांगते आहेस?

२३ तारखेच्या सकाळच्या एस.टी.ने मी येते आहे. नको म्हणू नकोस, आरक्षण केलं आहे. कातण माझं आणते, तुझं बोथट आहे.

तुझी,
आत्या

ता. क. सुकं खोबरं दोन वाट्या, पिठीसाखर एक, भाजलेली खसखस दोन चमचे. पण मी येईपर्यंत काही करू नकोस.