बांधीतला फोकस

धानाच्या बांधीत रोवणीच्या बाया मागे मागे सरकतात. कमरेत वाकून, डाव्या हातात पऱ्ह्यांची जुडी, उजव्या हाताने चिखलात रोप खोवत, एकेक पाऊल मागे. धुऱ्यावर त्यांच्या पाठीमागे कॅमेरा लावला की त्या हळूहळू अंगावर येतात आणि फोकस सारखा फिरवावा लागतो. गेल्या आषाढात अड्याळच्या शिवारात हे काम मी एका मुलीच्या हाती दिलं.

ती तिथलीच. आई रोवणीला जाते, मुलीला सिनेमा शिकायचा होता, आणि माहितीपटासाठी माझा तिथे दीड महिना मुक्काम होता. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, "सर, कॅमेरा मले केव्हा चालवाले देता?" मी तिला मोजायची टेप दिली.

कॅमेऱ्याच्या अंगावर एक खूण असते, वर्तुळ आणि त्याला छेदणारी रेघ. आतला सेन्सर नेमका त्या रेषेत असतो. टेपचं एक टोक तिथे धरायचं, दुसरं माणसाच्या डोळ्यापाशी. ८५ मिमीची लेन्स, अ‍ॅपर्चर २.८, माणूस ८ फुटांवर असेल तर स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम ४-५ इंचांचा. माणूस वीतभर सरकला की चेहरा गेला.

मीही टेपनेच शिकलो. माझ्या गुरूंनी चार महिने मला कॅमेऱ्याला डोळा लावू दिला नाही. एकदा माझ्या चुकीने अख्खा शॉट धूसर आला. ते रागावले नाहीत. मोठ्या पडद्यावर तो शॉट त्यांनी दोनदा लावला आणि दोन्ही वेळा शेवटपर्यंत माझ्या शेजारी बसून राहिले. त्यांचं ते बसणं मी अजून विसरलेलो नाही.

या कलेत शेजारी उभं राहण्याला पर्याय नाही, असं मी मानतो. बाबूराव पेंटरांना कॅमेरासुद्धा स्वतः घडवावा लागला होता. पुढ्यात ठेवायला पुस्तक कुठलं? कोल्हापुरात त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत शांताराम पडेल ते काम करत शिकले. दामले, फत्तेलाल, धायबर हेही तिथलेच, आणि १९२९ साली प्रभात उभी केली ती याच मंडळींनी. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'ला २०१४ साली व्हेनिसमध्ये पुरस्कार मिळाला होता. तरीही आल्फोन्सो क्वारोन 'रोमा' करत असताना ते काम बघायला ते मेक्सिकोला गेले. हे मी तिला पहिल्याच आठवड्यात सांगितलं. तिने टेप गुंडाळत ऐकून घेतलं.

बांधीत अडचण वेगळीच होती. स्टुडिओत जमिनीवर खुणा करता येतात. चिखलात खडू कुठे उमटणार? मी बांबूच्या खुंट्या ठोकायला लावल्या. त्या बायांच्या पायांत आल्या, काढून टाकाव्या लागल्या. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "सर, जुड्या बघा न जी."

रोवणीआधी जुड्या बांधीभर अंतरा-अंतराने फेकून ठेवतात. हातातली जुडी संपली की बाई अर्धी उठते, कंबर ताणते, वळून मागची जुडी उचलते. चेहरा दिसतो तो तेवढाच. तीन दिवस मी सरकत्या पाठींवर फोकस धरत बसलो होतो. तिने प्रत्येक जुडीपर्यंतचं अंतर मोजलं आणि लेन्सच्या चाकावर पाच रेघा ओढल्या. पहिले दोन टेक धूसर आले. मी तिच्याशेजारी बसून ते दोन्ही मॉनिटरवर पाहिले, काही बोललो नाही. तिसऱ्या टेकला चौथ्या जुडीपाशी तिची आई वळली, आणि कपाळावरचा चिखलाचा शिंतोडासुद्धा लख्ख दिसला.

जेवणाच्या सुट्टीत आईला तो शॉट दाखवला. हातात भाकर तशीच धरून तिने तो शेवटपर्यंत पाहिला. मग पडद्यावर बोट ठेवून म्हणाली, "हे ओळ वाकडी गेली न."

दुसऱ्या दिवशी पलीकडच्या बांधीत रोवणी होती. पाणी किती साचलंय ते बघायला मुलगी लगेच तिकडे गेली. टेप तिच्याकडेच होती.