डीडीटीराव

शिळफाट्यावरून जुन्या हायवेने मुंबईकडे निघालात की दांडफाट्याला डावीकडे रसायनीचा रस्ता फुटतो. डीडीटीरावांचं एक घर तिथलं, हिंदुस्तान इन्सेक्टिसाइड्सच्या कारखान्यातलं. सरकारी नोकरी, त्यामुळे बोलण्यात थोडी ऐट. तुमची ओळख नाही म्हणता? त्यांची तुमच्याशी आहे. तुमच्या अंगात त्यांचं छोटंसं बिऱ्हाड बहुधा असेलच.

जन्म १८७४ चा, स्ट्रासबर्गचा. पुढची पासष्ट वर्षं राव रिकामे. १९३९ साली स्वित्झर्लंडच्या पॉल म्युलर यांना त्यांचा कीटक मारण्याचा गुण सापडला आणि नशीब फळफळलं. १९४८ चं वैद्यकाचं नोबेल वैद्य नसलेल्या म्युलरना मिळालं, पण राव ते आपलंच समजतात. अगदीच खोटंही नाही. स्वातंत्र्याच्या सुमारास देशात वर्षाला साडेसात कोटी लोक हिवतापाने फणफणत, आठ लाख मरत. १९६५ पर्यंत रुग्ण लाखाच्या आसपास आले. ताठा आला तो तेव्हापासून.

मलेरियावाले पंप घेऊन घरोघरी फिरत, आत फवारून दारावर तारीख टाकून जात. भिंतींवर पांढरे ओघळ राहत. मंडळींची पाठ फिरली की घरातली बाई शेणाचा हात फिरवून मोकळी. राव रुसत, पण बोलणार कुणाला? सुरुवातीला ढेकूण मरायचे म्हणून तरी स्वागत व्हायचं. पुढे ढेकूण सरावले आणि तेवढाही मान गेला.

पाण्याशी त्यांचं वाकडं, तेलातुपाशी गट्टी. चरबीत शिरले की हलायचं नाव नाही. माशातून पक्ष्यात, गाईच्या दुधातून माणसात, आईच्या दुधातून बाळात, असा सगळा प्रवास स्निग्ध. वाटेत थोडा क्लोरीन गळतो, मग डीडीई या नावाने वावरतात. नाव बदललं की चिवटपणा आणखी वाढतो.

किड्यांशी राव उघड वैर करतात, थेट मज्जातंतूंवर हल्ला. मोठ्या प्राण्यांशी मात्र त्यांची रीत अगदी सभ्य. आपल्या पेशींत संप्रेरकांसाठी राखीव जागा असतात. त्यांना ग्राही म्हणतात. टेस्टोस्टेरॉन आपल्या जागेवर बसलं की तो ग्राही डीएनएपाशी जाऊन ठरावीक जनुकांना कामाला लावतो. डीडीई काय करतो, एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकावा तशी ती जागा आधीच अडवतो. टेस्टोस्टेरॉन येतं, उभं राहतं. जनुकांना निरोपच जात नाही. मारामारी नाही, आरडाओरडा नाही. १९९५ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी हा उद्योग उंदरांमध्ये पकडला.

कारखान्यातल्या मालात रावांचा एक भाऊबंदही मिसळलेला असतो. त्याच्या अंगावरचा एक क्लोरीन जरा सरकलेला, एवढाच फरक. हा इस्ट्रोजेनच्या जागेवर जाऊन बसतो आणि वर इस्ट्रोजेनचं काम करायला लागतो, कच्चं का होईना. एकाने होणारं काम अडवायचं, दुसऱ्याने नको ते सुरू करायचं. घराण्याची वाटणी चोख आहे.

याचा सुगावा खरं तर फार आधी लागला होता. १९५० सालीच अमेरिकेत लेगहॉर्न जातीच्या कोवळ्या कोंबड्यांना डीडीटी टोचून पाहिलं, तर वृषण खुरटले आणि तुरे वाढेनात. कोंबड्याचा तुरा जातो म्हणजे त्याचं काय उरतं? पण तेव्हा रावांचा बोलबाला होता, कोंबड्यांचं कोण ऐकणार. १९६२ मध्ये रेचेल कार्सन यांनी पुस्तक लिहून जाहीर पंचनामा केला. पुढे ससाण्यांच्या अंड्यांची कवचं पातळ होऊन मादी उबवायला बसली की फुटतात, हेही रावांच्याच खात्यावर चढलं.

१९८९ मध्ये आपल्याकडे त्यांना शेतातून काढलं. २००१ च्या स्टॉकहोम करारातही नाव आलं, पण रोग पसरवणाऱ्या कीटकांपुरती सवलत मिळाली. ते सवलतीचं कलम राव आल्यागेल्याला वाचून दाखवतात. खेड्यापाड्यांत हिवताप पसरवणारा क्युलिसिफेसीस डास त्यांना केव्हाचा जुमानेनासा झालाय, हा विषय काढला की मात्र कलमाची घडी घालून खिशात ठेवतात.