बंबाचा हिशेब

शिकागोत घर घेतले तेव्हा तळघरातल्या फर्नेसकडे मी ढुंकूनही पाहिले नव्हते. वीस वर्षांनी जाळ आणि घरची हवा यांमधल्या पत्र्याला चीर गेली. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. डागडुजीचा प्रश्नच नव्हता.

वही उघडली. 80 टक्क्यांचा फर्नेस गॅसच्या शंभर डॉलरांतले वीस धुराड्यातून उडवतो, 95 टक्क्यांचा पाचच. पण त्याला नवी नळी हवी, पाण्याचा निचरा हवा, म्हणजे मजुरी आलीच. बेरीज थेट आमच्या पुण्याच्या तिकिटांवर जाऊन बसली.

"विजेच्या शेगडीवर काढू एक हिवाळा," मी म्हणालो.

"2019 चा जानेवारी विसरलात? उणे तीस!" सौ. कडाडली.

आईला फोन केला. "बंबाला एवढे पैसे?" ती हसली. मग म्हणाली, "असू दे. पुढल्या दिवाळीला या."

तिला 84 वे लागले आहे. रात्री सौ.नेच हिशेब फिरवला: फर्नेस हप्त्यांवर, आणि तिकीट माझे एकट्याचे.