संगणकांतील वेगळी खोली

एकत्र कुटुंबांत कोणती वस्तु कोणाची, हा प्रश्न सहसा उघडपणें विचारला जात नाहीं. तरी तो प्रत्येक वस्तूच्या भोंवतीं सूक्ष्म रूपानें वावरत असतो. पाण्याचा हंडा सर्वांचा, पण चष्म्याचें घर ज्याचें त्याचें. देवघर सर्वांचें, पण जपमाळ एकाचीच. आतां या मालिकेंत संगणकाची भर पडली आहे. मिताक्षरेंत वाटणीचे नियम सविस्तर सांगितले आहेत. संगणकाच्या बाबतींत मात्र प्रत्येक घराला आपला धर्मशास्त्रकार आपणच व्हावें लागतें.

आमच्या घरीं तेरा माणसें, आणि बैठकीच्या खोलींत सर्वांचा म्हणून एकच संगणक. त्यावर ज्याचें त्याचें खातें निराळें असावें, असा आमच्या धाकट्या सूनबाईंचा आग्रह, "एका घरांत इतकीं कुलुपें कशाला? आज यंत्रांत खोल्या वेगळ्या, उद्यां चुली वेगळ्या!" असा आत्याबाईंचा आक्षेप. शेवटीं तडजोड होऊन तीन खातीं निघालीं: एक आमचे वडील बंधु आप्पा यांचें, एक मुलांचें, आणि एक सूनबाईंचें. यंत्राच्या कारभाराचे अधिकार सूनबाईंच्या खात्याकडे राहिले. या तडजोडीची खरी किंमत घराला २०२४ सालच्या पावसाळ्यांत कळली.

आप्पा सहा वर्षें आमच्या घराण्याचा कुलवृत्तान्त लिहीत होते. अकरा पिढ्यांची वंशावळ, जुन्या सनदांचीं छायाचित्रें, आणि दूरदूरच्या वृद्ध नातलगांनीं सांगितलेल्या हकीकती त्यांनीं त्या संगणकांत सांठविल्या होत्या. हकीकती सांगणाऱ्या दोघी वृद्ध स्त्रिया मध्यंतरीं निवर्तल्या होत्या. म्हणजे तें लिखाण गेलें असतें, तर तें पुन्हां विचारावयास कोणाकडे जाणें शक्य नव्हतें.

एका संध्याकाळीं आप्पा संगणक बंद करीत असतांनाच वीज गेली. दुसऱ्या दिवशीं त्यांनीं आपला परवलीचा शब्द घातला, तों पडद्यावर त्यांचें नेहमींचें कांहींच नाहीं! गणपतीचें चित्र नाहीं, कुलवृत्तान्ताची फाईल नाहीं. नुसती कोरी निळी पाटी. कोपऱ्यांत इंग्रजींत बारीक अक्षरांची एक सूचना उमटून गेली, ती त्यांच्या वाचनांत आली नाहीं. मुलांनीं कांहीं हलविलें असेल असें समजून त्यांनीं त्या दिवशीं नवीं दोन पानें लिहिलीं व जपून ठेविलीं. तिसऱ्या दिवशीं पाहतात तों तीं पानेंहि नाहींशीं झालेलीं. त्या दुपारीं आप्पा ताटावरून अर्धवट उठले, आणि घरांत कोणी मोठ्यानें बोलेना.

दुरुस्ती करणाऱ्या एका गृहस्थांस विचारलें, तेव्हां त्यांनीं दूरध्वनीवरच निकाल दिला: "डिस्क साफ करून विंडोज पुन्हां टाकावें लागेल. आंत असेल तें जाईल." रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात तें हेंच! सूनबाईंनीं मात्र यंत्राला हात लावण्यापूर्वीं एकच प्रश्न विचारला: "आप्पा, तुमचा परवलीचा शब्द यंत्रानें नाकारला का हो?" आप्पा म्हणाले, "नाहीं, लगेच घेतला." "मग तुमची ओळख शाबूत आहे," त्या म्हणाल्या. "तुमची खोली तेवढी उघडत नाहीं."

हा भेद वाचकांनीं नीट ध्यानांत घ्यावा, कारण सर्व उपचार त्यावर अवलंबून आहेत. विंडोज संगणकांत खातें ही एक गोष्ट व त्या खात्याची 'प्रोफाइल' ही दुसरी. प्रोफाइल म्हणजे त्या माणसाची खोली: त्याचे कागद, चित्रें, आणि त्याच्या आवडीनिवडींची नोंदवही. 'सी' ड्राइव्हमधील 'यूझर्स' या कप्प्यांत प्रत्येकाच्या नांवाचा एक कप्पा असतो, तीच ही खोली. नोंदवहीचें नांव 'एनटी-यूझर डॉट डॅट'. ती त्याच कप्प्यांत लपविलेली असते. मनुष्य आंत शिरतांना यंत्र प्रथम ती वही उघडतें. ती उघडली नाहीं, कीं प्रोफाइल चढवितां येत नाहीं असें सांगून यंत्र कधीं दारांतूनच परत पाठवितें. कधीं तात्पुरती कोरी खोली देतें. या तात्पुरत्या खोलींत लिहिलेलें सर्व कांहीं बाहेर पडतांच पुसलें जातें. धर्मशाळेच्या भिंतीवर जमाखर्च लिहावा तसा तो प्रकार! आप्पांचीं दोन पानें गेलीं तीं अशीं. यंत्राच्या रोजनिशींत, म्हणजे 'इव्हेंट व्ह्यूअर'मध्यें, १५११ या क्रमांकाखालीं हीच नोंद आढळली.

वही न उघडण्याचीं कारणें अनेक. यंत्र बंद होत असतांना वीज जाणें, डिस्कवरील जागा खराब होणें, किंवा आंत शिरण्याच्या क्षणींच विषाणूनाशक कार्यक्रमानें ती वही तपासणीसाठीं अडवून धरणें, हीं त्यांपैकीं कांहीं. शेवटच्या प्रकारांत यंत्र नुसतें पुन्हां सुरू केल्यानेंहि काम भागतें. म्हणून पहिला उपाय तोच करावा. आमच्याकडे त्यानें गुण आला नाहीं.

मग सूनबाई आपल्या खात्यांतून आंत गेल्या आणि 'यूझर्स'मधील आप्पांचा कप्पा त्यांनीं उघडला. सहा वर्षांचें लिखाण जसेंच्या तसें होतें! आप्पा उठून पडद्याजवळ आले आणि एकेक नांव बोटानें मोजूं लागले. तरीहि सूनबाईंनीं दुरुस्तीस हात घातला नाहीं; आधीं सर्व कागदांची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढली, मग 'चेक-डिस्क' चालवून डिस्कची तपासणी केली, आणि नंतरच त्या मूळ कारणाकडे वळल्या.

तें कारण कळावयास कुलवृत्तान्ताचाच दाखला उपयोगी पडतो. आपल्याकडे नातवाला आजोबांचें नांव ठेवितात. म्हणून अकरा पिढ्यांत एकाच नांवाचे तीन-चार पुरुष निघतात, आणि आप्पांस प्रत्येकाला क्रमांक द्यावा लागतो. यंत्रहि माणसास नांवानें ओळखीत नाहीं, क्रमांकानें ओळखतें. हा क्रमांक 'एस-१-५-२१' असा सुरू होतो. त्याच्या शेवटीं घरगुती यंत्रावरील सामान्य खात्यास १००० किंवा त्यापुढील आंकडा असतो. खात्याचें नांव बदललें तरी क्रमांक बदलत नाहीं. कोणत्या क्रमांकाची खोली कोठें, याची यादी 'रजिस्ट्री'मध्यें 'प्रोफाइल-लिस्ट' या सदरांत असते. खोली उघडली नाहीं, तर यंत्र त्या क्रमांकाच्या नोंदीस 'डॉट बॅक' अशी शेपटी जोडून ती बाजूस सारतें व त्याच क्रमांकाची तात्पुरती नोंद नवी लिहितें. आप्पांचा क्रमांक यादींत दोनदां होता: एक शेपटीसह, एक शेपटीविना.

सूनबाईंनीं प्रथम या सदराचीहि प्रत काढली. शेपटीच्या नोंदींतील पत्ता आप्पांच्याच कप्प्याचा आहे, ही खात्री करून घेतली. मग बिनशेपटीच्या नोंदीचें नांव बदलून ती दूर केली, खऱ्या नोंदीची शेपटी काढली, तिच्या आंतील 'स्टेट' व 'रेफ-काउंट' हे दोन आंकडे शून्यावर आणले, आणि यंत्र पुन्हां सुरू केलें. आप्पांनीं परवलीचा शब्द घातला; गणपतीचें चित्र उमटलें. आत्याबाईंनीं देवापुढें साखर ठेविली.

ती वहीच कायमची फाटली असती, तर ह्या उपायानें भागलें नसतें. तशा वेळीं नवें खातें काढून जुन्या कप्प्यांतील कागद त्यांत न्यावेत. मात्र 'एनटी-यूझर' नांवाच्या तीन फाइली, म्हणजे 'डॉट डॅट', 'डॉट डॅट डॉट लॉग' आणि 'डॉट आयएनआय' ह्या, नेऊं नयेत. नाहीं तर जुना रोग नव्या घरांत शिरतो. विंडोजच्याच सोयीनें कुलूपबंद केलेल्या फाइली नव्या खात्यास उघडत नाहींत. त्यांची किल्ली म्हणून असलेलें प्रमाणपत्र आधींच निराळें काढून ठेवावें लागतें. रजिस्ट्रींत चुकीची जागा बदलली, तर सबंध यंत्र अडून बसतें. म्हणून ज्यास हें काम येत नाहीं त्यानें तें जाणत्याकडून करवावें. परंतु त्या जाणत्यास निक्षून सांगावें कीं, "आधीं प्रत, मग उपचार."

या प्रसंगांतून आमच्या मनावर ठसलें तें निराळेंच. आप्पांची खोली उघडली ती दुसऱ्या खोलींतून. साऱ्या घराचें एकच खातें असतें, तर त्या दिवशीं यंत्रांत शिरावयास दुसरें दार नव्हतें. वेगळेपणा म्हटला कीं आपल्या कुटुंबांना दुराव्याचें भय वाटतें. परंतु जेथें प्रत्येकास आपली जागा व आपली किल्ली असते, तेथेंच एकाच्या अडचणींत दुसरा उपयोगी पडूं शकतो. वेगळी खोली म्हणजे वेगळी चूल नव्हे, हें आतां आत्याबाईहि मान्य करतात. त्यांच्या नांवाचें चौथें खातें गेल्या पाडव्यास निघालें.

आप्पांचा कुलवृत्तान्त पुरा होत आला आहे. दर एकादशीस त्याची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर जाते, व दर सणास कागदावर छापलेली दुसरी प्रत गांवीं चुलत घराकडे जाते. यंत्र कितीहि शहाणें असो, एकाच पेटींत सारा वंश ठेवूं नये!