वरचा दहावा हिस्सा

लॉनचा एक तुकडा जमिनीवरून उचलायचा, वरच्या कडेला दोन्ही हातांनी घट्ट धरायचा आणि उभा लोंबता ठेवायचा. पकड वरच्या दहाव्या हिश्शाच्या खाली उतरू द्यायची नाही. स्वतःच्या वजनाने तो फाटला नाही, लांबला नाही, तर तो विकायला योग्य. अमेरिकेतल्या लॉन उत्पादकांच्या संघटनेने आपल्या नमुना नियमावलीत ही कसोटी घालून दिली आहे. मी सव्वीस वर्षे पुणे जिल्ह्यात लॉन पिकवतो. आमच्या धंद्यात याहून सरळ कसोटी मला माहीत नाही. ना प्रयोगशाळा लागते, ना यंत्र. गिऱ्हाइकाचे दोन हात पुरतात.

त्या दोन हातांत पिकवणाऱ्याचे वर्षभराचे काम उघडे पडते. तुकडा धरून ठेवतात त्या काशा, म्हणजे गवताची जमिनीखालून पसरणारी खोडे. ज्याने कधी हरळीचे रान मोडले आहे त्याला काशा म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. कुदळीने खणून काढल्या तरी पेरभर तुकडा मागे राहिला की पुन्हा फुटतात. शेतकऱ्याचा तो शत्रू, आमचे तेच भांडवल. मातीच्या बोटभर थरात काशा आणि मुळ्या आडव्यातिडव्या विणल्या गेल्या की तो थर गोधडीसारखा उचलता येतो. या विणीला वेळ द्यावा लागतो. युरियाचा मारा करून पट्टा पंधरा दिवसांत हिरवागार करता येतो, फोटोत तो देखणाही दिसतो. पण पाल्याला जोर दिला की मुळी मागे पडते. असा तुकडा उभा धरला की खालून ढेकळे गळायला लागतात.

ही कसोटी घालून देणारी संघटना १९६७ मध्ये ‘अमेरिकन सॉड प्रोड्यूसर्स असोसिएशन’ या नावाने सुरू झाली. सॉड म्हणजे मातीसकट काढलेले गवत. पुढे इतर देशांतले उत्पादकही सभासद होत गेले आणि १९९४ मध्ये तिचे नाव ‘टर्फग्रास प्रोड्यूसर्स इंटरनॅशनल’ झाले. परिषद, शेतावर शिवारफेरी, ‘टर्फ न्यूज’ हे नियतकालिक, ‘द लॉन इन्स्टिट्यूट’मार्फत संशोधनाला पैसा, असे तिचे काम चालते. मला त्यात सर्वांत मोलाचे वाटते ते मापाचे काम.

माप म्हटले की लांबी-रुंदी डोळ्यांसमोर येते. तीही आलीच. अमेरिकेच्या आग्नेय राज्यांत लॉन पॅलेटवर रचून विकतात, आणि एका पॅलेटवर कुणाकडे ४०० चौरस फूट गवत असते, कुणाकडे ५००. भाव पॅलेटचा ऐकला आणि माप विचारले नाही तर गिऱ्हाईक फसते. पण खरी मेख जाडीत आहे. नियमावली म्हणते, जाडी मोजायची ती मातीची. वरचा पाला आणि त्याखालचा मेलेल्या देठांचा थर त्यात धरायचा नाही. आमच्याकडे गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारते, “माती भरपूर आहे ना?” त्याला वाटते, जास्त माती म्हणजे जास्त माल. वस्तुस्थिती उलटी आहे. पातळ कापलेला तुकडा नव्या जमिनीत लवकर मुळे धरतो, कारण मुळांना खाली जाण्यावाचून गत्यंतर नसते. जाड तुकडा आपल्याच मातीत रेंगाळतो. पातळ तुकडा लवकर सुकतो हे खरे, म्हणून पहिले दोन आठवडे पाण्यावर लक्ष ठेवावे लागते. गिऱ्हाइकाला बरे वाटावे म्हणून आम्ही दोन-दोन इंच माती उचलून देतो तेव्हा शेताचा वरचा कसदार थर गाडीत घालून शहरात पाठवत असतो. माझ्या पहिल्या पट्ट्यात बांधाच्या कडेचा मुरूम आज उघडा दिसतो. तो माझ्याच हाताने उघडा झाला आहे.

तणांची गोष्टही अशीच. १०० चौरस फुटांत पाचापेक्षा कमी तणे सापडली तर लॉन तणमुक्त मानायचे, असे ती नियमावली सांगते. काही तणांना मात्र एकाही रोपाची सवलत नाही. त्या यादीत आपला लव्हाळा आहे. त्याची गाठ जमिनीत खोल राहते आणि एका तुकड्याबरोबर अख्ख्या बागेत पसरते. लव्हाळा मिसळलेले गवत विकणारा माणूस गिऱ्हाइकाला पुढची दहा वर्षे खुरपणी विकत असतो. त्याच यादीत साधी हरळीही आहे.

हरळी म्हणजे आपली दूर्वा. गणपतीला एकवीस दूर्वांची जुडी वाहताना माझ्या मनात हे दरवर्षी येते. थंड प्रदेशातल्या नाजूक गवतात ती घुसखोर ठरते, आणि उष्ण प्रदेशातली मैदाने तिच्याच वंशावर उभी आहेत. जॉर्जिया राज्यातल्या टिफ्टनच्या संशोधन केंद्रातून ग्लेन बर्टन यांनी १९६० मध्ये ‘टिफवे’ हा वाण प्रसारित केला. आपली दूर्वा आणि तिची आफ्रिकेतली बारीक पानांची बहीण यांचा तो संकर. तो बी धरत नाही. म्हणजे जगात जिथे जिथे टिफवे आहे तिथे तो कुठल्या तरी जुन्या तुकड्याच्या काशांतूनच गेला आहे. त्यात दुसऱ्या गवताची चार पेरे मिसळली तर तीही तशीच वाढत जातात, आणि पाचव्या वर्षी शेतात नावाचाच टिफवे उरतो. म्हणून तिकडे लागवडीच्या बेण्याची पिढीवार नोंद ठेवतात, तपासनीस शेत चालून पाहतो आणि मगच प्रमाणपत्राची चिठ्ठी मिळते. आमच्या बाजारात ‘मेक्सिकन’ म्हणून जे खपते ते बहुतेक वेळा झॉयशिया जातीचे गवत असते, आणि झॉयशियाचे माहेर आशिया. नावच असे सैल असेल तर गिऱ्हाइकाने तक्रार कशाच्या आधारावर करायची?

आता उष्णतेविषयी, कारण ते मी अंगावर झेलले आहे. एका मोठ्या गृहसंकुलाचे काम होते, एप्रिल महिना. संध्याकाळी गाडी भरली. शहराच्या वेशीवर ती रात्रभर अडकली, वर ताडपत्री घट्ट बांधलेली. सकाळी दहाला पहिला रोल उलगडला तेव्हा आतून वाफ आली आणि मुरघासासारखा आंबूस वास. बाहेरचा फेरा हिरवा होता. आत हात घातला तर चटका बसला. मधली पाती पिवळी पडून लिबलिबीत झाली होती. गवत काढले तरी ते श्वास घेत असते, आणि गुंडाळलेल्या रोलमध्ये ती उष्णता कोंडते. मिशिगन स्टेट विद्यापीठात यावर १९७०च्या आसपास काम झाले: काढणीआधी भरपूर नत्र दिलेले आणि उंच राखलेले गवत जास्त तापते. मी तर माल ताजा दिसावा म्हणून आठवडाभर आधी युरिया टाकला होता आणि कापणीही टाळली होती. काढल्यापासून २४ तासांत गवत जमिनीवर अंथरावे ही अट तिकडच्या कामांच्या करारांत सर्रास असते. ती माझ्या वाचनात आली तेव्हा वाटले, आपण जे एक गाडी गमावून शिकलो ते कुणीतरी कागदावर लिहून ठेवले होते.

लिहून ठेवण्याची ही वृत्ती मला फार मोठी वाटते. त्या अमेरिकन संघटनेच्या शिवारफेरीत एक उत्पादक आपले शेत दुसऱ्याला, म्हणजे आपल्या स्पर्धकाला, उघडे करून दाखवतो. काढणीची यंत्रे तिथे शेजारी शेजारी चालतात. तुकडा कापून, उचलून, आपोआप पॅलेटवर रचणारे यंत्र आता कमी मजुरांत दिवसाचे काम उरकते. जॉर्जियात तर विद्यापीठ आणि उत्पादक मिळून दरवर्षी पाहणी करतात: कोणत्या गवताचा साठा विक्रीला पुरेसा आहे, भाव कुठे जातील. आमच्या भागात शेजाऱ्याने किती गुंठे लावले हे विचारले तर तो आभाळाकडे बघतो. मग एका वर्षी सगळे तेच गवत लावतात आणि मे महिन्यात भाव पडतात.

पाण्याचा प्रश्न टाळून हा लेख लिहिणे मला पटणार नाही. नेवाडा राज्याने २०२१ मध्ये कायदा केला: लास व्हेगास परिसरात जे गवत केवळ शोभेचे आहे, ज्यावर कुणी चालत-खेळत नाही, त्याला कोलोरॅडो नदीचे पाणी देणे २०२६ अखेर बंद. माझ्या मते तो कायदा योग्य आहे. रस्त्याच्या दुभाजकावर लॉन लावून टँकरने जगवणे हे पाप आहे, आणि ते मी माझ्या धंद्याच्या विरोधात जाऊन म्हणतो. मुलांच्या खेळाच्या मैदानावरचे गवत वेगळे. तिथे माती बांधली जाते, धूळ बसते, पडलेल्याचा गुडघा वाचतो. हा फरक उत्पादकांच्या संघटनेने स्वतः सांगितला पाहिजे. सरकारने सांगितल्यावर नुसता विरोध करत राहिलो तर आपले दुसरे खरे म्हणणेही कुणी ऐकत नाही.

आपल्याकडे संघटना जमत नाहीत असे कुणी म्हणाले तर मी महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागायतदार संघाकडे बोट दाखवतो. स्पर्धक असूनही द्राक्षवाल्यांनी छाटणीचे, औषधांचे, वाणांचे ज्ञान एकत्र ठेवले. लॉनवाले संख्येने थोडे आहेत, एवढाच फरक.

गेल्या पावसाळ्यानंतर एका रविवारी आम्ही तिघे उत्पादक माझ्या शेतावर जमलो. दोघांनी आपापल्या शेतातले तुकडे ओल्या गोणपाटात गुंडाळून आणले होते. नियमावलीतली कसोटी मी मराठीत वाचून दाखवली आणि आम्ही एकेक तुकडा उचलून धरला. शेजारच्या अण्णांचा तुकडा जसाच्या तसा राहिला. त्यांनी तो पुन्हा पुन्हा उलटून खालच्या पांढऱ्या मुळ्या आम्हाला दाखवल्या. दुसऱ्याचा थोडा लांबला. माझा पहिला टिकला, दुसरा टिकला, तिसरा मधोमध फाटला आणि माती पायांवर पडली. अण्णा वाकले, फाटलेल्या कडेवर बोट फिरवून म्हणाले, “वीण कच्ची आहे भाऊ, घाई केलीत.” त्या पट्ट्याची मागणी दिवाळीआधीची होती. मी गिऱ्हाइकाला फोन केला आणि सहा आठवडे मागून घेतले.