नवं कार्ड आणि घाटकोपरचा पूल

तुमच्यापैकी कितीजणांनी कॉम्प्युटरचं कॅबिनेट उघडून आत डोकावून पाहिलंय? मी तरी गेल्या दिवाळीपर्यंत पाहिलं नव्हतं. मी शिकवते चौथीला. कॉम्प्युटर म्हणजे हजेरीचे तक्ते भरायचं यंत्र, एवढीच माझी समजूत! पण माझ्या भाच्याने मला त्यात ओढलं.

भाचा नववीत आहे, मुलुंडला राहतो. त्याच्याकडे ऑफिसातून निघालेला एक जुना कॉम्प्युटर आहे. त्यावर तो ‘सिटीज : स्कायलाइन्स’ खेळतो. फिनलंडच्या एका कंपनीने 2015 साली काढलेला हा शहर वसवण्याचा खेळ. मारामारी नाही, काही नाही. रस्ते बांधा, पाणी आणा, वीज आणा. या पठ्ठ्याने त्यात चक्क मुलुंड वसवलं होतं. स्टेशन, पूर्व-पश्चिम जोडणारे पूल, 80 हजार वस्ती! पण शहर वाढलं तसा खेळ अडखळायला लागला. पडद्यावर सेकंदाला जेमतेम 14 चित्रं उमटायची. या चित्रांना ‘फ्रेम’ म्हणतात. सिनेमात सेकंदाला 24 असतात, आणि खेळात 60 मिळाल्या की हात कसा लोण्यासारखा फिरतो.

मग त्याने ठरवलं, ग्राफिक्स कार्ड बदलायचं. आजीने दिलेले दिवाळीचे पैसे होते, ते कमी पडले. तेव्हा त्याने स्वतःची गिअरची सायकल विकली. घरी सांगितलं ते विकून झाल्यावर! वापरलेलं ‘जीटीएक्स 1660 सुपर’ आलं, कॅबिनेटमध्ये बसलं, खेळ सुरू झाला आणि... फ्रेम 14 च्या 14. गाड्यांच्या शर्यतीचा दुसरा खेळ लावला, तोही पहिल्यासारखाच रडत चालला.

“फसवलं तुला दुकानदाराने,” त्याचे बाबा म्हणाले. मलाही तेच वाटलं. शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा आटोपून मी त्याला घेऊन निघाले. दादरला गाडी बदलून ग्रँट रोड, तिथून लॅमिंग्टन रोड. या रस्त्याचं आजचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण कॉम्प्युटरवाले अजून जुनंच नाव घेतात. वाटेतच मी बोलायची वाक्यं तयार करून ठेवली होती. आणि बोललेही, जरा चढ्या आवाजात.

दुकानदाराने शांतपणे कार्ड आपल्या मशीनमध्ये लावलं. खेळ झर्रकन पळाला. मग त्याने भाच्याला विचारलं, “घर पे मॉनिटर का केबल किधर लगाया?”

भाच्याचा चेहरा पडला. केबल लावली होती मदरबोर्डच्या खोबणीत, जुन्या सवयीने! मदरबोर्डवरून निघणारं चित्र प्रोसेसरच्या पोटातली छोटी ग्राफिक्स काढते. म्हणजे नवं कार्ड आत नुसतं पंखे फिरवत बसलं होतं. मी दुकानदाराला सॉरी म्हटलं. तो म्हणाला, “होता है, टीचर.” मी शिक्षिका आहे हे त्याला कसं कळलं कोण जाणे. बहुधा आवाजावरून.

घरी येऊन केबल कार्डाला लावली. शर्यतीचा खेळ 70 फ्रेमवर गेला. भाचा नाचलाच! मग त्याने मुलुंड उघडलं. 17.

तो काही बोलला नाही. स्क्रीन बंद करून गॅलरीत जाऊन उभा राहिला. मला त्या विकलेल्या सायकलची आठवण झाली.

आता काय करायचं? चौथीत आम्ही मटकीचा प्रयोग करतो. एका वाटीत पाणी आहे, दुसरीत नाही. एक उजेडात, दुसरी कपाटात. नियम एकच, एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि वहीत लिहायची. मी भाच्याला वही दिली.

पहिली नोंद : चित्राचा आकार 1920 बाय 1080 वरून 1280 बाय 720 केला. कार्डाचं काम निम्म्याहून कमी झालं. तरी फ्रेम 17! म्हणजे अडचण कार्डाची नव्हतीच. ही परीक्षा अगदी फुकट आहे बरं का, आणि खरं तर कार्ड घेण्याआधी करायची असते. आम्ही नंतर केली.

दुसरी : त्याच खेळात रिकामं नवं शहर सुरू केलं. 60 फ्रेम! म्हणजे भार होता तो वस्तीचा.

तिसरी : टास्क मॅनेजर उघडला. कार्डाचा वापर 30 टक्के, मेमरी 96 टक्के भरलेली, प्रोसेसर 60 टक्के. “प्रोसेसर तर मोकळा आहे की,” मी म्हटलं. भाच्याने आलेखावर उजवी क्लिक करून चारही कोअर वेगळे दाखवले. तीन निवांत, एक सतत छताला टेकलेला. आपल्याकडे नाही का, एक जण खड्डा खणतो आणि तिघे कमरेवर हात ठेवून बघतात, तसं.

मेमरीचा उपाय स्वस्त होता. 8 जीबीची एकच पट्टी होती, तशीच जुनी दुसरी जोडली. मधूनमधून बसणारे गचके थांबले. फ्रेम झाल्या 21. पण त्यापुढे नाही. असं का?

तुम्ही घाटकोपर स्टेशन पाहिलंय? जून 2014 मध्ये वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली. अंधेरीहून रस्त्याने जिथे घामाघूम व्हायला व्हायचं, तिथे माणूस आता मिनिटांत घाटकोपरला. पण उतरल्यावर? सगळे एकदम मध्य रेल्वेच्या जिन्यावर आणि पुलावर! मेट्रो आणखी जोरात पळवली तर पुलावरची गर्दी हटेल का? उलट वाढेल. आमचं कार्ड म्हणजे मेट्रो. आणि पूल म्हणजे तो 2013 सालचा चार कोअरचा प्रोसेसर. खेळातला प्रत्येक माणूस कुठे राहतो, कामाला कुठल्या रस्त्याने जातो, हा हिशेब प्रोसेसरला करावा लागतो. तो झाला की मग कार्ड चित्र रंगवणार. शर्यतीत आठ-दहाच गाड्या, हिशेब थोडा, म्हणून ती पळाली.

प्रोसेसर बदलावा म्हटलं, तर त्या बोर्डावर बसणारा थोडाच बरा मिळतो. मोठा फरक हवा तर बोर्ड आणि मेमरीही नवी घ्यायची. म्हणजे जवळजवळ नवा कॉम्प्युटरच!

“मावशी, मी सायकल उगाच विकली का गं?” त्याने विचारलं.

खोटं बोलावंसं वाटलं, पण वहीत सगळं लिहिलेलं होतं. मी म्हटलं, “शर्यतीसाठी नाही. मुलुंडसाठी, हो.” तो बराच वेळ वही चाळत बसला.

आता क्लासला तो चालत जातो. जुन्या शहराची प्रत त्याने पेन ड्राइव्हवर ठेवलीय, ‘मोठं मुलुंड’ नावाने. रोज खेळतो ते ‘छोटं मुलुंड’. वस्ती 25 हजार, 42 फ्रेम. त्यात स्टेशनचा पूल मात्र त्याने दुप्पट रुंद केलाय.