एक मिनिट शांतता

भूत किती दाखवायचं, इथेच आमचं गाडं पहिल्या रात्री अडलं.

गुहागरजवळ एका मैत्रिणीचं आजोळ. कौलारू घर, शेणानं सारवलेलं माजघर, मागे रहाटाची विहीर. शेवटच्या वर्षाचा भयपट करायला आम्ही अकराजण तीन रात्रींसाठी तिथे उतरलो होतो. कॅमेरा, लाइट सगळं भाड्याचं. चौथ्या दिवशी परत करायचं.

मेकअपवाल्या मैत्रिणीनं दोन तास खपून विहिरीतली बाई उभी केली. मॉनिटरवर मात्र ती रंगवलेली मुलगीच दिसत होती. लाइट बदलला, लेन्स बदलली. भीती काही वाटेना. दिग्दर्शक मी, सांगायचं मीच. पण मेकअपवालीकडे बघून जीभ रेटेना. शेवटी तीच म्हणाली, "हिला दाखवूच नका. नुसती पावलं दाखवा."

मला वर्गात पाहिलेला 'कॅट पीपल' (१९४२) आठवला. पोहण्याच्या तलावाच्या प्रसंगात जनावर स्पष्ट दिसतच नाही. भिंतीवर हलणारा पाण्याचा उजेड, सावल्या आणि गुरगुर, एवढ्यावर जॅक टूर्नर यांनी अंगावर काटा आणला होता.

नटीनं पाय बादलीत बुडवले आणि मागच्या दारातून ती माजघरापर्यंत चालत आली. सारवणावर काळपट ओली पावलं उमटली. आत येणारीच हवीत, परतीचं एकही नको, म्हणून दोघांनी तिला शेवटच्या पावलावरून अलगद उचलून नेलं. तिसऱ्यानं लाइट जमिनीलगत तिरका धरला, तशी पावलं चकाकली. पण सारवण पाणी पिऊन टाकतं. टेक चुकला की पंखा लावून जमीन वाळवायची आणि पुन्हा पहिल्यापासून. त्या शॉटला पहाट झाली. कुणी कुरकुरलं नाही.

रोज पॅकअपआधी साउंडवाला हात वर करायचा, "रूम टोन. एक मिनिट, कुणी हलायचं नाही." प्रत्येक जागेची शांतता वेगळी असते. ती रेकॉर्ड करून ठेवली नाही, तर एडिटमध्ये दोन शॉटच्या मधे आवाजाला भोक पडतं. पहिल्या रात्री आम्ही ते कसंबसं उरकलं होतं. शेवटच्या रात्री मात्र फ्रिज बंद केला, पंखा बंद केला आणि जो जिथे होता तिथेच थांबला. मेकअपवालीच्या हातात ओला टॉवेल होता. ओटीवरच्या आजींनी अडकित्ता हातातच धरून ठेवला. रातकिडे किरकिरत होते. रहाटाचा दोर एकदाच करकरला.

कॉलेजात फिल्म दाखवली, तेव्हा पावलांच्या शॉटला आम्ही संगीत ठेवलं नव्हतं. फक्त ते मिनिट. सभागृह चिडीचूप झालं. बघणाऱ्यांना ती ओसाड घराची शांतता वाटली. मला मात्र तिच्यात आम्ही अकराजण आणि आजी, श्वास रोखून थांबलेले, ऐकू येत होतो.